सिल्व्हर स्टेनिंग किट: उन्हाळ्यात दोन तारे, पावसात साडेतीन

कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही. बांगड्याच्या स्नायूंतली प्रथिनं जेलच्या पातळ चकतीत वेगळी केली की त्यांचे पट्टे, म्हणजे बँड, मिळतात. त्यातले जे फिकट बँड कूमासी या नेहमीच्या निळ्या रंगात दिसतच नाहीत, ते चांदीनं रंगवायला हे किट घेतलं. चांदीत नॅनोग्रॅमभर प्रथिनही उमटतं. दिवाळीनंतर आलं, मार्चपर्यंत झकास चाललं.

एप्रिल उजाडला आणि प्रत्येक जेल काळपट. फोन केला तर कंपनीचा माणूस म्हणतो, "मॅडम, तुमचं हँडलिंग बघा." ग्लोव्ह्ज, ट्रे, फॉर्मॅलिन सगळं बघून झालं. तो स्वतः येणार होता, "रत्नागिरी साइडचे अजून दोन कॉल जमले की". अजून जमतायत.

शेवटी जेल धुवायचं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. तांदळाचं धुवण! म्हणजे क्लोराइड. खाडीकाठची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्या पाण्यानं डीआय युनिटचं, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्राचं, कार्ट्रिज कधीच संपवलं होतं. मग सिल्व्हर क्लोराइडचा साका जेलवर बसणार आणि उजेडात काळवंडणार. माहितीपत्रकात यावर काय? "उत्तम दर्जाचे पाणी वापरावे." बस्स! ट्रे कोणत्या स्पंजनं पुसायचा यावर अर्धं पान, पाण्यावर चार शब्द. १८ मेगाओम, म्हणजे क्षार जवळपास नसलेलं पाणी, एवढं छापायला शाई संपली होती?

जुलैमधली भर: कार्ट्रिज बदललं, विहीरही गोडी झाली, जेल पुन्हा स्वच्छ. म्हणून दोनाचे साडेतीन. डेव्हलपर, म्हणजे बँडना रंग चढवणारं द्रावण, छान आहे, फक्त उकाड्यात फार धावतो. मी गार करून वापरते. पिवळा पडला की ओतून ताजा घालायचा, आणि बँड हवा तेवढा गडद व्हायच्या जरा आधीच ५ टक्के ॲसेटिक ॲसिड, कारण रंग थांबेपर्यंत आणखी चढतो.

दुसरं किट मात्र घेणार नाही, द्रावणं स्वतःच करीन. जेलमागे ०.१ टक्क्याचं १०० मिली द्रावण धरलं तर २५ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेटमध्ये २५० जेल होतात. किटवर छापलेत २५. थायोसल्फेट आणि सोडियम कार्बोनेट शेल्फवर पडूनच आहेत. थायोसल्फेटचं ०.०२ टक्के द्रावण त्याच दिवशी करायचं, जेल त्यात एक मिनिट ठेवलं की पुरतं.

किटच्या तपकिरी बाटल्या मात्र ठेवून घेतल्यात. झाकणं घट्ट बसतात.