निळी गाडी, टँकरचं पाणी आणि एसीची बादली: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या दसऱ्याला सकाळी नऊ वाजता पाइप लावून गाडी धुतली, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत आत्याचा मेसेज आला, "छान गं! बॉनेटवर ठिपक्यांची रांगोळी पण काढलीस?" फोटो मोठा करून बघितला. निळ्या बॉनेटभर पांढऱ्या कडांची बारीक बारीक वर्तुळं. तासभर राबून धुतलेली गाडी न धुतलेलीपेक्षा वाईट दिसत होती. त्या दिवसापासून जे काही केलं, त्याचा हा हिशोब.

गाडी बलेनो, रंग गडद निळा. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवाल्यांनी हे सगळं मनावर घ्यायची गरज नाही. डाग त्यांच्याही गाडीवर पडतात, दिसत नाहीत इतकंच. आम्ही राहतो पुण्यात, वाघोलीला, म्हणजे बोअर आणि टँकर. पाणी असं की कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी तूरडाळ दाताखाली येते, नळाच्या तोट्यांना पांढरी दाढी फुटते आणि गिझरच्या कॉइलवर खडूसारखा थर चढतो. हेच पाणी गाडीवर वाळलं की तिथे काय होणार, हे खरं तर दसऱ्याच्या आधीच कळायला हवं होतं.

नाही कळलं. मी आधी शाम्पू बदलला. भांड्यांचा साबण सोडून गाडीचा शाम्पू घेतला हे चांगलंच झालं, कारण भांड्यांच्या साबणाने वॅक्स उतरतं. पण डाग तसेच. मग वॅक्स लावलं, तर डाग वाढले! याचं कारण फार उशिरा लक्षात आलं. वॅक्स किंवा कोटिंग असलेल्या पत्र्यावर पाणी पसरत नाही, अळूच्या पानावरच्या थेंबासारखं गोल होऊन बसतं. दिसायला सुंदर. पण तो थेंब तिथेच वाळला तर त्यातला सगळा क्षार एकाच जागी गोळा होतो आणि कडेला ठसठशीत गोल उमटतो. वॅक्स वाईट नाही, त्यावर पाणी ठेवून चहा प्यायला घरात जाणं वाईट. मी नेमकं तेच करायचे.

नोव्हेंबरात तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर मागवला. या सगळ्या खर्चात सर्वांत वसूल झालेली वस्तू हीच. पेनाएवढं यंत्र, टोक पाण्यात बुडवायचं, आकडा येतो. ते मोजतं पाण्याची वीजवाहकता आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. लिटरमध्ये किती मिलिग्रॅम, तो आकडा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० पर्यंत ठीक आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालेल असं धरलं आहे. आमचं बोअर ८६०. टँकरचं काही सांगता येत नाही, ५४० पासून ११०० पर्यंत सगळं पाहिलं, ज्या विहिरीवर भरला तसा. आईकडे सदाशिव पेठेत नळाला खडकवासल्याचं पाणी, तिथे १०० च्या आसपास. (तिथे बाबांची काळी गाडी वर्षानुवर्षं साध्या फडक्याने चकाचक कशी असते, याचं कोडं त्या दिवशी सुटलं. इतकी वर्षं मी ते त्यांच्या हाताचं कसब समजत होते.)

मग आमच्या स्वयंपाकघरातल्या काळ्या ओट्यावर एक प्रयोग केला. चमच्याने चार थेंब टाकले: बोअरचं पाणी, आरओचं प्यायचं पाणी, आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी आणि एसीच्या पाइपमधून ठिबकणारं पाणी. पंखा लावून वाळू दिले. बोअरच्या थेंबाची जागा पांढऱ्या कड्यासारखी उमटली, मधे पुसट, कडेला दाट. आरओच्या प्यायच्या पाण्याचं कडं तिरकं बघितलं तरच दिसत होतं. एसीच्या थेंबाची जागा बोट ठेवून शोधावी लागली. आणि वाया जाणाऱ्या पाण्याचं कडं इतकं जाड की नखाने खरवडलं तर भुकटी निघाली. मीटरवर त्याचा आकडा १३०० च्या वर.

इथे मला घाम फुटला. कारण आमच्या लिफ्टमध्ये दोन वर्षं एक कागद चिकटवलेला आहे: 'आरओचे वाया जाणारे पाणी फेकू नका, गाडी धुण्यासाठी वापरा.' आणि मी शहाण्या मुलीसारखी दोन वर्षं तेच वापरत होते, तेही शेवटचं पाणी म्हणून, कारण ते दिसायला स्वच्छ असतं. आरओ पिण्याच्या पाण्यातला क्षार काढतो म्हणजे तो जादूने नाहीसा करत नाही, उरलेल्या पाण्यात ढकलतो. गाळून उरलेला तो जणू चोथाच मी बॉनेटवर ओतत होते. त्या कागदाला माझा विरोध नाही, पाणी वाचलंच पाहिजे. आता ते पाणी टायर, मडगार्डच्या आतला चिखल आणि पार्किंगची फरशी यांना जातं, पहिला चिखल उतरवायलाही चालतं. फक्त गाडीवर शेवटी वाळतं ते पाणी हे नको.

सगळी मेख त्या 'शेवटी' या शब्दात आहे. धुवायला कुठलंही पाणी घ्या. धुऊन झाल्यावर गाडीवर पाव लिटर पाणी चिकटून राहतं असं धरा. बोअरचं असेल तर त्यात दोनशेच्या वर मिलिग्रॅम क्षार, म्हणजे पोह्यांवर भुरभुरवतो तशी मिठाची एक लहान चिमूट. एसीचं असेल, आमच्या मीटरवर १८, तर पाच मिलिग्रॅमही नाही. मग टॉवेल फिरवताना एखादी जागा राहिली तरी बिघडत नाही.

एसीचं पाणी म्हणजे हवेतली वाफ गार कॉइलवर थंड होऊन झालेलं पाणी. त्यामुळे त्यात क्षार जवळपास नसतात, धूळ मात्र असते, कॉइलवरची. म्हणून मी जुन्या सुती ओढणीच्या दुहेरी घडीतून गाळून घेते. आणि हे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नका. आमच्या शेजारी घालतात. बॅटरीला दुकानातलं डिस्टिल्डच हवं.

पाणी किती मिळतं? हे वाचायला सोपं, जमवायला कटकटीचं. एप्रिलच्या कोरड्या रात्री आमच्या दीड टनाच्या एसीखाली सकाळी जेमतेम तीन लिटर असायचं. हवेत वाफच नाही तर येणार कुठून? मेअखेर हवा दमट झाली तशी बादली निम्म्याच्या वर भरायला लागली. मुंबई-कोकणातल्यांची यात चंगळ आहे. शिवाय या पाण्यावर घरात आधीच एक हक्कदार होता. सासरे ते कुंड्यांना घालायचे.

"अगं, मोगरा सुकतोय आणि तुझ्या गाडीला अभ्यंगस्नान!"

"बाबा, आठवड्याला चारच लिटर घेते. बाकी सगळं तुमच्या मोगऱ्याला."

तह झाला. शनिवारची बादली माझी, उरलेले दिवस कुंड्यांचे. आता तेच शुक्रवारी रात्री "उद्या धुणार ना?" म्हणून आठवण करतात आणि मीटर बुडवून आकडाही सांगतात. रक्तदाबाच्या यंत्रानंतर त्यांना आवडलेलं हे दुसरं यंत्र.

आता शनिवारचा क्रम. साडेसहाला खाली जाते, सूर्य समोरच्या बिल्डिंगच्या मागे असतो. आदल्या रात्रीपासून गाडी उभी असल्याने बॉनेट गार असतं. हे महत्त्वाचं आहे. ऑफिसातून आल्या आल्या धुतली तर तापलेल्या पत्र्यावर पाणी तव्यावर शिंपडल्यासारखं उडून जातं. आधी नुसत्या पाण्याने धूळ खाली सोडायची, मग दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मिट, म्हणजे हातात घालून गाडी धुवायचा मऊ मोजा, दर वेळी साध्या पाण्यात पिळून मगच शाम्पूत. आमच्याकडे रोज गाडी पुसायला येणारे दादा एकाच ओल्या फडक्याने दहा गाड्या पुसायचे, त्याचे कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे उन्हात अजून दिसतात. त्यांना आता टायर आणि काचा एवढंच सांगितलं आहे. पैसे तेवढेच देते, उगाच त्यांच्या पोटावर पाय नको.

शाम्पू धुऊन झाला की बागेचा पाच लिटरचा फवारा पंप, ज्याला हाताने हवा भरतात तो. त्यात एसीचं चार लिटर. टपापासून सुरुवात करून खाली यायचं, नोझल बारीक तुषारावर न ठेवता थोडं मोकळं. हेतू ओलं करण्याचा नसतो, जुनं पाणी ढकलून खाली उतरवण्याचा असतो. पंप साडेसातशेला घेतला, सहाव्या महिन्यात त्याचा वायसर गेला. हार्डवेअरवाल्याकडे वीस रुपयांत नवा मिळाला.

मग टॉवेल. हा पिळाच्या धाग्यांचा, जाड मायक्रोफायबर, लांबीला हातभर, साडेपाचशे रुपये. पाकिटावर जीएसएमचे, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम याचे, मोठे मोठे आकडे असतात. हजार-बाराशे बघून हुरळून जाऊ नका, फार जाड टॉवेल भिजल्यावर पिळताना मनगट दुखतं. घासायचं नाही. बॉनेटवर चादरीसारखा पसरायचा, दोन कोपरे धरून सावकाश आपल्याकडे ओढायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा मागे पूर्ण कोरडा पट्टा बघून मी एकटीच पार्किंगमध्ये हसले होते. छताला एकदा, बॉनेटला दोनदा, दारांना एकेकदा, डिकीला शेवटी.

जानेवारीत या टॉवेलची मी वाट लावली. मशीनमध्ये चादरींबरोबर टाकला, कपडे मऊ करायच्या त्या सुगंधी पातळ औषधासकट. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि टॉवेल पाणी पिणंच सोडतो, नुसतं पुढे ढकलतो. शिवाय चादरींचा कापूस त्याच्यात अडकला. तीन-चारदा नुसत्या लिक्विड डिटर्जंटने कोमट पाण्यात धुतल्यावर थोडा सुधारला, पूर्वीसारखा नाही झाला. दुसरा घेतला. तो आता वेगळ्या बादलीत धुऊन सावलीत वाळतो आणि घरात कोणी त्याला हात लावत नाही.

थंडीत एसी बंद. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत बोअरच्याच पाण्याने धुतली, फक्त टॉवेलच्या भरवशावर. अर्धी गाडी धुवायची, कोरडी करायची, मग उरलेली अर्धी. डोळ्यांत भरतील असे डाग पडले नाहीत, पण सकाळच्या तिरक्या उन्हात दरवाजांच्या खालच्या भागात धुरकट पट्टे दिसायचे. दोनदा आरओचं प्यायचं पाणी वापरून पाहिलं. काम झालं, पण एका लिटरसाठी दोन-तीन लिटर नळीवाटे जाताना बघून वाईट वाटलं. नंतर नाही केलं.

फेब्रुवारीत सोसायटीने सॉफ्टनर बसवला. सगळ्यांना वाटलं, चला, सुटलो. मी मीटर बुडवला तर आकडा जिथल्या तिथे. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम ठेवतो, एकूण क्षार कमी करत नाही. फेस छान येतो आणि डाळही शिजते. गाडीवर डाग पडतातच, पण खडूसारखे घट्ट बसत नाहीत, ओल्या फडक्याने निघतात. हा फरक खरा आहे, लहान नाही.

जुन्या डागांचं सांगायचं राहिलं. व्हाइट व्हिनेगर आणि एसीचं पाणी निम्मं निम्मं, फडकं भिजवून डागावर मिनिटभर ठेवायचं, मग भरपूर पाण्याने धुवायचं. गिझरच्या कॉइलवरचा थर आम्लाने सुटतो तसंच. पण हे सावलीत, आणि त्या जागचं वॅक्स जातं ते पुन्हा लावायचं. काचा आणि बरेचसे बॉनेटवरचे डाग यानेच गेले. लिंबू चोळू नका, चिकटपणा राहतो आणि मुंग्या येतात, हा स्वानुभव. टपावरचे पाच-सहा गोल मात्र कशालाच बधले नाहीत. ते दोन उन्हाळे तापून वरच्या पारदर्शक थरात खड्डा करून बसले होते, पॉलिश केल्यावर गेले. तो थर असतो चाळीस-पन्नास मायक्रॉनचा आणि दर पॉलिशला थोडा झिजतो, म्हणून दरवर्षी पॉलिशचा आग्रह धरणाऱ्यांना मी लांबूनच नमस्कार करते.

ब्लोअरही घेतला होता, कॉम्प्युटरची धूळ उडवायचा असतो तो. सकाळी साडेसहाला त्याचा आवाज म्हणजे पार्किंगमध्ये विमान उतरल्यासारखा. वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीत आले, काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. पुरे झालं. आता आठ वाजल्यानंतरच लावते आणि तोही फक्त आरसे, दारांची हँडलं, नंबरप्लेट आणि मागचे दिवे यांच्यापुरता. कारण सगळी गाडी कोरडी करून वर येऊन खिडकीतून पाहिलं की आरशाच्या पोटातून एक ओघळ हमखास दारावर उतरलेला असतो. ब्लोअर नसेल तर सोसायटीला एक चक्कर मारून दोनदा ब्रेक दाबा, बरंच पाणी तसंच बाहेर पडतं.

उजव्या आरशाचा तो ओघळ अजून पूर्ण बंद झालेला नाही. मागच्या शनिवारीही होता. पण एसीच्या पाण्याचा असल्याने वाळल्यावर दिसला नाही. या आठवड्यात पाऊस सुरू झालाय. पहिल्या सरीचं पाणी नुसता चिखल, पण तास-दीड तास पडून गेल्यावर सासऱ्यांनी गच्चीत पातेलं ठेवलं, मीटर बुडवला आणि वरून ओरडून सांगितलं, "चौदा! तुझ्या एसीपेक्षा भारी!"