सेकंडहँड उघडी स्पोर्ट्स कार: आधी टप आणि पत्रा, मग इंजिन

उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्स कार बघायला गेलेला माणूस सगळ्यात आधी बॉनेट उघडायला सांगतो. खरं तर त्याने आधी सीटच्या मागे हात घालायला हवा. या गाड्या किलोमीटरपेक्षा पाण्याने जास्त मरतात. कापडी टपावर पडलेलं पाणी कडेच्या पन्हळीतून मागच्या कोपऱ्यात येतं, तिथल्या भोकातून नळीत उतरतं आणि गाडीखाली गळून जातं. भोकात पालापाचोळा आणि माती बसली की तेच पाणी दाराखालच्या सिलमध्ये नाहीतर कार्पेटखाली साचतं. बंद गाडीत वरचं छप्परही बॉडीचा भार उचलतं. इथे छप्पर नसल्यामुळे तो भार सिलवर येतो. सिल सडला की गाडीचा कणाच गेला. इंजिन उतरवून दुसरं बसवता येतं. सिल कापून आतल्या थरांसकट नवा पत्रा वेल्ड करणं त्याहून किचकट, आणि पुट्टी भरून रंग मारून लपवणं मात्र फार सोपं.

गाडी बघायला जाताना पाण्याची बाटली, टॉर्च आणि फडक्यात गुंडाळलेलं लहान चुंबक न्या. टप अर्धा उघडून मागच्या दोन्ही कोपऱ्यांतली भोकं शोधा आणि प्रत्येकात अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता. माझदा एमएक्स-५ मध्ये ते मागच्या चाकाच्या जरा पुढे, सिलच्या खालून बाहेर यायला हवं. पाणी लगेच आणि धारेने आलं तर उत्तम. थेंब थेंब आलं तर नळी तुंबलेली आहे. आलंच नाही तर ते कुठेतरी आत गेलंय, आणि आजवरही तिथेच जात होतं. (घेतल्यावर नळी साफ करताना कडक तार घालू नका, नळी फाटते, हवेचा जोरदार झोत सोडला तर जोडातून निसटते. गवत कापायच्या यंत्रात वापरतात ती नायलॉनची दोरी यासाठी झकास.)

मग सीटच्या मागचं कार्पेट तळहाताने जोरात दाबा. वरून कोरडं वाटलं तरी खालचा फोम महिनोन्महिने पाणी धरून ठेवतो. सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढून काढा. एरवी गुंडाळलेल्या भागावर बुरशीचे काळे ठिपके दिसले तर टप बराच काळ गळत होता. आदल्याच दिवशी धुतलेल्या, अत्तर फवारलेल्या गाडीतही हा पट्टा खोटं बोलत नाही. सिलवर, मागच्या चाकाच्या कमानीपुढे, चुंबक फिरवा. घट्ट चिकटलं तर पत्रा, घसरलं तर पुट्टी. एमएक्स-५ च्या बॉनेटला चुंबक चिकटणार नाही, ते मुळातच अ‍ॅल्युमिनियमचं आहे. तिथे घाबरू नका. शेवटी मालकाची परवानगी घेऊन एक बाजू जॅकवर उचला आणि त्या बाजूचं दार उघडून लावा. दार घासलं किंवा लॉक नीट बसेना तर बॉडी वाकते आहे. पुढे काही बघायची गरज नाही.

आता गाड्या. परवडणाऱ्या गटात एमएक्स-५ चं नाव पहिलं येतं आणि ते योग्यच आहे: इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांवर, वजन साधारण एक टन, सुटे भाग मुबलक. पण चार पिढ्या आहेत आणि चारींचं दुखणं वेगळं.

पहिली, एनए, १९८९ ते १९९७. सुरुवातीच्या, म्हणजे १९९१ च्या सुरुवातीपर्यंतच्या १.६ लिटर इंजिनांत क्रँकशाफ्टचं (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) पुढचं टोक आखूड आहे. टायमिंग बेल्ट बदलताना पुलीचा बोल्ट नीट आवळला नाही तर पुली जागेवर धरणारी धातूची लहान चावी खाचेत हलायला लागते, खाच झिजते, टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ) सरकतं आणि गाडीची ओढ कमी होते. ओळखायला सोपं: पुढच्या पुलीवर चार खाचा असतील तर जुना क्रँक, आठ असतील तर सुधारलेला. चार खाचांची गाडी लगेच नाकारायची नाही. इंजिन चालू असताना पुली डगमगते का ते मात्र टॉर्च मारून बघा. डगमगली तर सोडा. या १.६ इंजिनात बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळत नाही, ही मोठी सोय. तरी दर लाख किलोमीटरला बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप आणि पुढची ऑइल सील एकदमच बदलायला हवीत, कारण उघडण्याची मजुरी एकच. थंड इंजिन सुरू होताना वरून टिकटिक ऐकू येते, ती तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या हायड्रॉलिक लिफ्टरची. गरम झाल्यावर थांबली तर ठीक. इंजिनच्या मागून तेल गळत असेल तर विकणारा स्वस्तात द्यायला तयार होतो, कारण त्याला गिअरबॉक्स उतरवायची भीती असते. हेडच्या मागच्या टोकाला कॅम सेन्सर आहे, त्याची ओ-रिंग कडक झाली की तेल थेट गिअरबॉक्सच्या तोंडावर ठिबकतं आणि क्रँकची मागची सील गेल्यासारखं दिसतं. बोटाने सेन्सरखाली चाचपा. बोट तेलकट आलं तर बहुतेक काम त्या एका रबरी रिंगेचं.

दुसरी, एनबी, १९९८ ते २००५. मागची काच खरी, तीही हीटरसह. एनएची प्लॅस्टिकची खिडकी पिवळी पडते, आणि झिप उघडून आडवी न करता टप दुमडला तर घडीवर तडकते. २००१ नंतरच्या १.८ ला बदलत्या व्हॉल्व्ह टायमिंगची जोड आहे आणि चालवायला हीच जास्त मजेची. दुखणं मात्र गंभीर: पुढच्या चॅसीच्या दांड्या. दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकतं आणि दांडी आतून सडते. बाहेर फोड आलेला दिसेपर्यंत आतलं काम झालेलं असतं. गाडी रॅम्पवर घेऊन स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाज जिथे बद्द झाला तिथे थांबा. फोटो बघून एनबीचा सौदा कधीच करू नका. एनए आणि एनबी दोन्हींत क्लचचा खालचा सिलिंडर गळतो. त्याचं रबर सोलून ओल बघा, आणि बदलायचाच तर वरचाही सोबत बदला, नाहीतर नव्या दाबाने जुना थोड्याच दिवसांत हात टेकतो.

तिसरी, एनसी, २००५ ते २०१५. शौकीन लोक हिला जाड म्हणतात, पण पहिली उघडी गाडी घेणाऱ्याला आमची शिफारस हीच. बेल्टऐवजी चेन, बॉडी जास्त ताठ, बसायला जरा ऐसपैस. २००९ च्या फेरबदलानंतरच्या २.० लिटर इंजिनात फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेला, जास्त मजबूत क्रँक आला आणि इंजिन ७,५०० आरपीएमपर्यंत फिरू लागलं. शक्य असेल तर त्यापुढचीच घ्या. आधीच्या २.० ला तेल कमी पडलेलं मुळीच सहन होत नाही. म्हणून थंड इंजिनाची डिपस्टिक स्वतः काढा. टोक कोरडं असेल तर मालकाने गाडी कशी ठेवली ते तिथेच कळलं. कूलंटची प्लॅस्टिकची टाकी पिवळी पडून तडकते, ती बदलणं किरकोळ काम. सस्पेन्शनचे अलाइनमेंटचे बोल्ट मात्र गंजून बुशमध्ये अडकतात आणि कापूनच काढावे लागतात. सौद्याआधी अलाइनमेंट करून घ्यायचा आग्रह धरा. बोल्ट फिरतात की नाही ते त्यातच समजतं. घडीच्या कडक टपाची आवृत्ती सुमारे ३७ किलोने जड आहे, पण डिकीतली जागा खात नाही. गाडी उघड्यावर उभी राहणार असेल तर तीच घ्या.

चौथी, एनडी, २०१५ पासूनची, पुन्हा हलकी झाली. तिच्याबद्दल इतकंच: सुरुवातीच्या २.० गाड्यांचे गिअरबॉक्स नाजूक निघाले आणि पुढे त्यात सुधारणा झाल्या. दुसऱ्या गिअरला कुरकुर किंवा गिअर सुटणं दिसलं तर तिथून निघा.

पोर्शे बॉक्स्टर ही मोहात पाडणारी गाडी आहे, आणि मोह समजण्यासारखा आहे. इंजिन मधोमध, पुढे-मागे दोन डिक्या, आणि स्टिअरिंग असं की वळणावर रस्ता हातात येतो. पहिली पिढी, ९८६, १९९६ ते २००४. तिची ख्याती इंटरमीडिएट शाफ्टच्या (क्रँकचं फिरणं व्हॉल्व्हच्या कॅमशाफ्टकडे पोचवणारा मधला दांडा) बेअरिंगमुळे झाली. बेअरिंग फुटलं की टायमिंग सुटतं आणि इंजिन संपतं. सुरुवातीच्या इंजिनांत दोन ओळींचं बेअरिंग होतं, २००० च्या आसपास एका ओळीचं आलं, आणि जास्त धोका त्याचाच. २००५ च्या सुमारास मोठं बेअरिंग आलं, ते बरंच टिकाऊ, पण इंजिन फोडल्याशिवाय काढता येत नाही. २००९ च्या नव्या इंजिनात तो शाफ्टच नाही. म्हणून ९८६ घेताना एकच कागद मागा: क्लच बदलल्याचं बिल. गिअरबॉक्स तेव्हाच खाली येतो आणि बेअरिंग व क्रँकची मागची सील त्याच वेळी बदलायची असतात. ती दोन्ही बिलात नसतील तर ते काम आपल्याला करायचंय असं धरून भाव करा. तेल बदलून जुना फिल्टर कापून बघायची परवानगी मिळाली तर सोडू नका. घड्यांमध्ये धातूची चकाकती कणी दिसली की सौदा संपला.

सुरू करताना थोडा पांढरा धूर आला तर घाबरू नका, आडव्या सिलिंडरांच्या इंजिनात तो येतो. ढग मिनिटा-दोन मिनिटांनंतरही विरला नाही तर हवा-तेल वेगळं करणारा सेपरेटर गेला. इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण उचला; आत जोरात ओढलं जात असेल तरी निदान तेच. पुढच्या बंपरच्या जाळ्यांतून टॉर्च मारा: पाला तिथे कुजून रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर खातो. आणि पाण्याची तपासणी इथे दुप्पट महत्त्वाची, कारण अलार्म आणि इमोबिलायझरचा (चोरी टाळायला इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) कंट्रोल युनिट सीटखाली, कार्पेटच्या पातळीवर आहे. नळी तुंबली, युनिट भिजला, गाडी चालूच होत नाही. २००२ पर्यंतची मागची खिडकी प्लॅस्टिकची आहे. टप मिटताना तळहाताने घडी आत ढकलली नाही तर चरा पडतो.

बीएमडब्ल्यू झेड४ ची पहिली पिढी २००२ पासूनची. सहा सिलिंडरांचं इंजिन गोड आहे, पण टप उघडणारा हायड्रॉलिक पंप नेमका पाणी जमणाऱ्या कोपऱ्यात बसवलाय. नळी तुंबली की पंप बुडतो आणि टप आहे तिथे अडतो. टप तीनदा पूर्ण उघडून मिटवून बघा. मोटर घरघरते पण टप हलत नाही, किंवा मधेच रेंगाळतो, तर पंप ओला झालेला आहे. पंप डिकीत हलवलेली गाडी मिळाली तर जास्त चांगली. कूलिंगचं प्लॅस्टिक, म्हणजे टाकी, होस, थर्मोस्टॅट आणि पंप, लाखभर किलोमीटरला एकदम बदलावं लागतं. तिच्या आधीच्या झेड३ मध्ये डिकीचं कार्पेट उचला. डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) जिथे टांगलाय तिथले स्पॉट वेल्ड सुटून पत्रा फाटतो. क्लच सोडताना मागून ठक्क आवाज येतो तो याचाच. मर्सिडीज एसएलकेची पहिली पिढी आरामशीर आहे, पण स्पोर्ट्स कार म्हणून आम्ही ती सुचवणार नाही.

टोयोटा एमआर२ ची तिसरी पिढी, १९९९ ते २००७, चालवायला अतिशय हलकी आणि चपळ. सामान ठेवायला सीटमागे जेमतेम जागा. १.८ इंजिनाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच (इंजिनातून धूर बाहेर नेणारी पहिली नळी) धूर शुद्ध करणारे लहान कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहेत. त्यांचं जाळं चुरा होऊन उलटं सिलिंडरमध्ये ओढलं जातं आणि इंजिन तेल प्यायला लागतं. मॅनिफोल्डवरचा ऑक्सिजन सेन्सर काढून आत टॉर्च मारला की जाळं शाबूत आहे का ते कळतं. दहा मिनिटांचं काम, त्याशिवाय पैसे देऊ नका. होंडा एस२००० चं ९,००० आरपीएमपर्यंत जाणारं इंजिन अद्भुत आहे, पण या गाड्या आता संग्राहकांच्या हाती गेल्यात आणि परवडणाऱ्या यादीत बसत नाहीत. स्वस्त मिळाली तर चुकीच्या गिअरमध्ये पडून एकदा तरी जास्त फिरलेली असण्याची शक्यता धरा आणि चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजा.

चालवून बघण्याआधी टप लावून बसून बघा. डोकं आणि टप यांच्यात मूठ मावली पाहिजे. एनए आणि एनबीचं स्टिअरिंग वर-खाली होत नाही, त्यामुळे उंच माणसाच्या मांड्या स्टिअरिंगच्या चाकाला लागतात. चालवताना टप उघडा ठेवून खडबडीत रस्त्यावर घ्या आणि आतल्या आरशाकडे बघा. बारीक थरथर सगळ्याच उघड्या गाड्यांत असते. आरशातलं चित्र पूर्ण पुसलं जात असेल तर पुन्हा सिलकडे जा. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. या गाड्या फार उभ्या राहतात, म्हणून नक्षी भरपूर असूनही रबर दगड झालेलं असतं. सहा वर्षांपुढचे चारही टायर हिशेबातून वजा करा. एकाच अ‍ॅक्सलवर दोन कंपन्यांचे टायर असतील तर वळणावरचा स्वभाव त्या फेरीत कळणारच नाही, तेव्हा चांगल्या टायरांची दुसरी एखादी त्याच मॉडेलची गाडी आधी चालवून या.