फक्त थर्ड पार्टी पॉलिसी: गाडी लागलीच नाही, तरी माणूस गेला तर?

आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारी, पण पीयूसीसारखी, पोलिसाला दाखवायला म्हणून घेतली जाणारी ही पॉलिसी. 1 जून 2022 पासूनच्या दरपत्रकात 1000 ते 1500 सीसीच्या खासगी मोटारीला वर्षाचे 3,416 रुपये आणि 75 ते 150 सीसीच्या दुचाकीला 714 रुपये आहेत, वर 18 टक्के जीएसटी. मूळ दर सरकारने बांधून दिलेला, त्यामुळे कंपन्यांची तुलना करत बसण्यात फारसा अर्थ नाही. वाचायचा असतो तो मजकूर, आणि तोच कोणी वाचत नाही.

त्यातले कामाचे शब्द म्हणजे 'वाहनाच्या वापरातून उद्भवलेला अपघात'. यात धडकेची अट कुठेच नाही. कडेला उभ्या मोटारीचं दार आरशात न बघता उघडलं, दुचाकीवाल्याने ते चुकवायला उजवीकडे घेतलं आणि तो मागच्या डंपरखाली गेला, तर दाराला ओरखडाही नसताना मोटारीवर दावा लागू शकतो. डंपरवाल्याचीही चूक निघाली तर वारस पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकतात. वाटणी ते दोघं आपसात बघतील.

'वापर' किती लांब ताणता येतो, हे साताऱ्याजवळच्या कवठ्याच्या प्रकरणात ठरलं. 29 ऑक्टोबर 1987 च्या पहाटे तीनच्या सुमारास पुणे-बंगळूर रस्त्यावर ट्रकशी टक्कर होऊन पेट्रोलचा टँकर उलटला. गळती सुरू राहिली, माणसं जमली आणि चार तासांनी स्फोट झाला. टँकर तेव्हा हलतही नव्हता. तरीही स्फोटातला मृत्यू वाहनाच्या वापरातूनच झाला, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये ठरवलं.

मृत्यूच्या भरपाईला पॉलिसीत रकमेची मर्यादा नाही. हा तिचा सगळ्यात मोठा गुण. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र मोटारीच्या पॉलिसीत साडेसात लाखांची आणि दुचाकीच्या एक लाखाची आहे. थोडा हप्ता वाचवायला ती 6,000 वर आणायचा पर्याय मिळतो, तो घेऊ नका. तुम्हाला चुकवताना टेम्पो एखाद्या दुकानात घुसला, तर 6,000 मध्ये शटरसुद्धा होत नाही.

फौजदारी बाजूला ही पॉलिसी शून्य. निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे, ती विमा कंपनी भोगत नाही. गंमत म्हणजे तिथली फूटपट्टी जास्त कडक: मुंबईतल्या रंगाच्या कारखान्याच्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये सांगितलं की मृत्यू हा त्या निष्काळजीपणाचा थेट, निकटचा परिणाम हवा, मध्ये दुसऱ्याची चूक आलेली नको. त्यामुळे दारवाल्या उदाहरणात माणूस 106 मधून सुटेल आणि भरपाईत अडकेल, असं होऊ शकतं.

खरी अडचण पुराव्याची. पंचनाम्यात 'स्वतःहून घसरून पडला' असं एकदा लिहिलं गेलं की मोटार कागदावरून गायब. पोलिसांनी पहिला अहवाल 48 तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो, म्हणून वारसांनी गाडीचा नंबर आणि साक्षीदार त्याआधी नोंदवून घ्यावेत. डॅशकॅम जुनं चित्रण पुसून त्यावर नवं भरतो; कार्ड लगेच काढून ठेवा. प्रत दिलीत तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र, हॅश व्हॅल्यूसकट (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा), जोडावं लागतं. दाव्याची मुदत कायद्यात सहा महिने आहे. आणि मालकाने 'आपली गाडी लागलीच नाही' म्हणून गप्प बसू नये; कंपनीला लेखी कळवणं ही पॉलिसीची अट आहे.

लायसन्स संपलेलं निघालं तर कंपनी बहुधा वारसांना आधी पैसे देते आणि मग मालकाकडून वसूल करते. विकलेल्या गाडीचंही तसंच: आरसीवर तुमचं नाव राहिलं असेल, तर नव्या माणसाने उघडलेल्या दाराची नोटीस तुमच्याच पत्त्यावर येते.