एका ओळीचे बिल

व्यवसायाने मी हिशेबनीस आहे. लोकांची व्हाउचरे तपासण्यात माझी अठ्ठावीस वर्षे गेली असून बिलावरची खाडाखोड आपल्याला लांबूनही दिसते, असा माझा समज होता. तो समज २०२३ सालच्या दिवाळीत, पुण्याच्या तपकीर गल्लीतील एका दुकानात, छत्तीस हजार आठशे रुपयांना उतरला. दुकानाचे नाव देण्यात मला रस नाही. माल कसा खपवला गेला, ते मात्र बारकाव्यांसह सांगणार आहे, कारण घरच्या टीव्हीला जोडण्यासाठी संगणक जुळवून घेणाऱ्या कुणालाही हाच अनुभव येऊ शकतो.

आमच्या घरी त्रेचाळीस इंची ४के टीव्ही आहे. चित्र अजूनही उत्तम, परंतु त्याच्या आतली ॲप्स जुनी होऊन रखडू लागली होती. आईला जुनी नाटके आणि कीर्तने लागतात, मुलांना ओटीटीवरचे नवे चित्रपट हवे असतात, आणि घरातील लग्ने, मुंजी, सहली यांची सीडींवरून व मोबाइलवरून उतरवून घेतलेली चित्रणे दोन-तीन पेन ड्राइव्हमध्ये विखुरलेली होती. हे सगळे एका ठिकाणी ठेवावे, टीव्हीखालच्या कप्प्यात एक संगणक बसवावा आणि आईलाही जमेल असा बिनतारी कीबोर्ड तिच्या हाती द्यावा, एवढीच माझी अपेक्षा होती. खेळ खेळायचे नव्हते, चित्रफितींचे संपादनही करायचे नव्हते.

वसुबारसेच्या चार दिवस आधी मी दुकानात गेलो. माझी गरज ऐकून घेऊन दुकानदाराने स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागे एक यादी लिहून दिली: आय-७, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ टीबी हार्ड डिस्क, १०५० टीआय ४ जीबी ग्राफिक कार्ड. आय-७ हे इंटेलच्या प्रोसेसरचे, म्हणजे संगणकाच्या मेंदूचे नाव, आणि १०५० टीआय हे पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या कार्डाचे. "काका, आय-सेव्हन देतोय. दहा वर्षं बघायला लागणार नाही," असे तो म्हणाला. शेजारच्या दुकानात याच रकमेच्या आसपास आय-३ मिळत होता. सात हा आकडा तीनपेक्षा मोठा असतो, एवढेच गणित मी त्या वेळी केले.

पक्के बिल घेतले तर अठरा टक्के जीएसटी वर पडेल, असे त्याने सुचवून पाहिले. मी ठामपणे पक्के बिलच मागितले आणि रक्कम करासह ठरवून घेतली. आपण सावध गिऱ्हाईक आहोत, याचे मनातल्या मनात समाधानही वाटले. बिल आले, जीएसटी क्रमांक बरोबर होता, बेरीज बरोबर होती. मालाच्या रकान्यात एकच ओळ होती: "असेम्बल्ड कॉम्प्युटर, १ नग". माझ्या कार्यालयात कुणी असे बिल आणले असते, तर तपशील जोडा, असा शेरा मारून मी ते परत पाठवले असते.

दुकानात संगणक चालवून दाखवला, तेव्हा पडद्यावरचे चित्र स्वच्छ होते. ती चित्रफीत साध्या फुल एचडीची आणि चित्रण दाबून साठवण्याच्या जुन्या एच.२६४ पद्धतीची होती, ही गोष्ट मला फार नंतर उमगली. निघताना त्याने एक सल्ला दिला: "एक करा काका, ग्राफिकचा ड्रायव्हर कधी अपडेट करू नका. चालतंय ते चालू द्या." ड्रायव्हर म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम. किती आपुलकीने सांगतो आहे, असे मला वाटले.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सगळे जमले असताना पुतणीच्या लग्नाचे मोबाइलवर ४केमध्ये केलेले चित्रण लावले. मंगलाष्टके ऐकू येत होती आणि पडद्यावर अजून सीमांतपूजनच चालले होते. आवाज पुढे धावत होता, चित्र धापा टाकत मागून येत होते. कॅबिनेटमधला पंखा तर इतका घोंघावू लागला, की आईने स्वयंपाकघरात मिक्सर कोण लावला आहे, असे विचारले. टीव्हीच्या रिमोटवरचे माहितीचे बटण दाबले, तेव्हा कोपऱ्यात १९२० × १०८० असे आकडे आले. म्हणजे ४के टीव्हीला संगणकाकडून ४के चित्र मिळतच नव्हते. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला फोन केला, तर केबल साधी असणार, असे त्याने सांगितले आणि नऊशे रुपयांची नवी केबल माझ्या गळ्यात मारली. आकडे तेच राहिले.

खरा उलगडा भाऊबीजेला झाला. माझा भाचा संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता. त्याने प्रोसेसरची माहिती दाखवणारा सीपीयू-झेड हा छोटा मोफत प्रोग्रॅम उतरवून चालवला आणि विचारले, "मामा, कितव्या जनरेशनचा आय-सेव्हन घेतलात?" या प्रश्नाला उत्तर असते, हेच मला ठाऊक नव्हते. पडद्यावर आय-७-२६०० असे नाव होते, म्हणजे दुसरी पिढी. हा प्रोसेसर जानेवारी २०११मध्ये बाजारात आला. वापरलेल्या यंत्रांतून काढलेले असे प्रोसेसर अनोळखी छापाच्या, नव्या कोऱ्या खोक्यात येणाऱ्या एच-६१ मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवर, बसवून सर्रास विकले जातात. बोर्ड खरोखरच नवा असतो, त्यावरचे प्लास्टिकही आपल्यासमोर काढले जाते आणि त्या नवेपणाच्या आडून बारा वर्षांचा प्रोसेसर नवा ठरतो. रॅमही सोळा जीबीच होती, फक्त डीडीआर-३ प्रकारची, म्हणजे पुढे कोणत्याही आधुनिक बोर्डावर न बसणारी.

लग्नाचे चित्रण का अडखळत होते, हे भाच्याने समजावून सांगितले. आजचे अनेक मोबाइल एचईव्हीसी या पद्धतीने चित्रण दाबून साठवतात. ही पद्धत प्रमाण म्हणून ठरली २०१३ साली, म्हणजे माझा प्रोसेसर बाजारात आल्यानंतर दोन वर्षांनी. ज्या प्रोसेसरमध्ये ही पद्धत वाचणारा खास भाग असतो, तो मोडी जाणणाऱ्या कारकुनासारखा ती सरळ वाचत जातो. ज्यात तो नसतो, त्याला अक्षर अक्षर लावत बसावे लागते, आणि त्या कष्टानेच पंखा घोंघावतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये दहा-बिट एचईव्हीसी (रंगांच्या अधिक छटा साठवणारा प्रकार) आणि व्हीपी-९ ही तशीच दुसरी पद्धत यांची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आली, तर एव्ही-१ या त्याहून नव्या पद्धतीची सोय अकराव्या पिढीपासून. नेटफ्लिक्ससारख्या सेवेवर संगणकातून ४के चित्र हवे असेल, तर एचडीसीपी २.२ हे नक्कल रोखणारे संरक्षणही प्रोसेसरपासून टीव्हीपर्यंत सलग असावे लागते. म्हणजे आय-७ हा शब्द खोटा नव्हता. माझ्या कामासाठी तो निरर्थक होता, एवढेच.

"पण ग्राफिक कार्ड आहे ना?" मी विचारले. खरे १०५० टीआय असते, तर त्याने हे काम एकट्याने निभावून नेले असते. भाच्याने ग्राफिक कार्ड ओळखणारा जीपीयू-झेड हा दुसरा प्रोग्रॅम चालवला. कार्डाच्या नावाआधी चौकटी कंसात "फेक" असा शब्द उमटला. त्या कार्डाच्या आत जीएफ-१०६ नावाची चिप होती, जी २०१०च्या जीटीएस ४५० या कार्डांत वापरली जात असे. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ शेडर, म्हणजे चित्राचे गणित करणारे छोटे घटक, असतात, येथे १९२ होते. कार्डातील बायोस नावाची नोंद बदलून त्याला नवे नाव चिकटवले होते, त्यामुळे विंडोजही बिचारे तेच नाव दाखवत होते. ड्रायव्हर अपडेट करू नका, या प्रेमळ सल्ल्याचा अर्थ मला तेव्हा कळला. नव्या ड्रायव्हरने ही जुनी चिप स्वीकारली नसती आणि बिंग फुटले असते.

यातली एक खूण तर मला दुकानातच, कोणत्याही प्रोग्रॅमशिवाय दिसली असती. कार्डाच्या मागच्या पट्टीवर तीन पोर्ट होते आणि त्यांपैकी एक जुना, निळ्या रंगाचा, पंधरा छिद्रांचा व्हीजीए होता. १०५० टीआय ज्या पिढीचे आहे, त्या पिढीत व्हीजीएसाठी लागणारा ॲनालॉग संकेत देण्याची सोयच काढून टाकलेली आहे. म्हणून १०५० टीआय असे नाव आणि निळा पोर्ट एकत्र दिसले, तर कार्ड हातातही धरू नये.

हार्ड डिस्कचे प्रकरण मला सर्वांत जास्त लागले, कारण घरातल्या आठवणी मी तिच्यावर ठेवल्या होत्या. डिस्कची आतली नोंद वाचणाऱ्या क्रिस्टल-डिस्क-इन्फो या प्रोग्रॅमने दाखवले, की ती २९,४१७ तास चाललेली होती आणि एवढ्या अवधीत केवळ ६१ वेळा सुरू झाली होती. घरातला संगणक रोज सुरू होतो आणि रोज बंद होतो. एकेका खेपेला सरासरी चारशे ऐंशी तास, म्हणजे सलग वीस दिवस, न थांबता चालणारी डिस्क बहुधा सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधलीच असते. कुठल्या तरी जिन्यावरची किंवा वाहनतळावरची सव्वातीन वर्षे तिने नोंदवली असावीत आणि नंतर पुसून, नव्या पाकिटात घालून ती माझ्याकडे आली होती. हे तासही शून्यावर आणून ठेवणारे लोक आहेत, असे भाचा म्हणाला. आमच्या दुकानदाराने तेवढेही कष्ट घेतले नव्हते.

दुकानदाराकडे परत गेलो, तेव्हा त्याने आवाज चढवला नाही, हे मुद्दाम सांगतो. तो एवढेच म्हणाला: आय-७ म्हणालो होतो, आय-७ दिला. सोळा जीबी म्हणालो, सोळा जीबी आहे. नवीन प्रोसेसर आहे, असे मी कधी म्हणालो? डिस्क दाखवली, तेव्हा त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि शांतपणे विचारले, "ही माझ्याच दुकानातली कशावरून काका?" बिलावर अनुक्रमांक नव्हता. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. बिल, डिस्कच्या तासांचे छायाचित्र आणि व्हिजिटिंग कार्डाच्या मागची ती यादी, असे सगळे जोडले. अकरा दिवसांनी दुकानदाराचा फोन आला. ग्राफिक कार्डाचे साडेसात हजार रुपये त्याने परत केले, कारण १०५० टीआय हे शब्द त्याच्या स्वतःच्या अक्षरात, त्याच्याच नावाच्या कार्डावर होते. जे खोटे लेखी होते तेवढ्याचे पैसे मिळाले, आणि ज्यावर तो नुसता मौन राहिला होता त्याचे मिळाले नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येत होते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क लागत नाही आणि ऑनलाइन दाखल करण्याची सोयही आहे. मी गेलो नाही. मार्चअखेरची कामे होती हे कारण मी लोकांना सांगतो, पण फसलो हे लेखी स्वरूपात पुन्हा मांडण्याचा संकोच हे खरे कारण होते.

आता कुणी मला विचारले, तर मी यादीतला प्रत्येक शब्द पुरा करून घ्यायला सांगतो. नुसते आय-३ किंवा आय-५ नको, पूर्ण क्रमांक हवा, उदाहरणार्थ आय-३-१२१००, आणि तोही बिलावर. क्रमांकाच्या शेवटी एफ हे अक्षर असेल, तर त्या प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक नसते. चित्रपट पाहण्यासाठी ते असणेच सोयीचे, कारण मग वेगळे ग्राफिक कार्ड घ्यावेच लागत नाही आणि बनावट कार्डाचा प्रश्नच मिटतो. कार्डावरची चार जीबी मेमरी चित्र सुधारत नाही. ती केवळ गिऱ्हाइकाला मोठा आकडा दाखवण्याच्या कामी येते. मदरबोर्डच्या एचडीएमआय पोर्टमधून ४के चित्र साठ हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला साठ वेळा, बाहेर पडते की नाही, हे त्या बोर्डाच्या कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावे, कारण नव्या बोर्डांतही हा पोर्ट सारखा नसतो. हार्ड डिस्कचा अनुक्रमांक बिलावर उतरवून घ्यावा आणि पैसे देण्यापूर्वी तिचे तास दुकानातच पाहावेत. नव्या डिस्कवर ते बोटांवर मोजण्याइतके असतात. आपली स्वतःची, मोबाइलवर ४केमध्ये घेतलेली एखादी चित्रफीत पेन ड्राइव्हमध्ये न्यावी आणि तीच लावून दाखवायला सांगावी. दुकानदार कुरकुरला, तर त्यातूनही पुष्कळ कळते.

पुढच्या वर्षी मी इंटेल एन-१०० प्रोसेसरचा, तळहातापेक्षा थोडा मोठा तयार संगणक मागवला आणि पार्सल उघडतानाचे चित्रण मुलाकडून करून घेतले. जुना आय-७ पंचाण्णव वॅटचा होता, हा सहा वॅटचा आहे. पुतणीचे लग्न त्यावर पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत न अडखळता चालले आणि मंगलाष्टके अंतरपाटासोबतच आली.

जुने कॅबिनेट वर्षभर पलंगाखाली पडून होते. शेवटी आमच्या कार्यालयाजवळच्या खिळे-बिजागऱ्या विकणाऱ्या एका लहान हार्डवेअरच्या दुकानदाराने ते साडेपाच हजारांना घेतले. त्याला मी आय-७-२६००, साल २०११, वापरलेला, असे सुरुवात करून सगळे भाग लिहून दिले, डिस्कच्या तासांसकट, आणि विंडोज ११ या यंत्राला चालत नसल्याचेही सांगितले. तो म्हणाला, मला नुसत्या टॅलीच्या नोंदी करायच्या आहेत. त्या कामाला ते यंत्र उत्तम चालते.