कर्नलमध्ये डोकवायचं कशानं: पर्फ, एफट्रेस की ईबीपीएफ?

चालू सर्व्हरवरचा लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तपासायचा असेल तर आधी प्रश्न नक्की करा. सीपीयू कुठे खर्च होतोय? थ्रेड (प्रोग्रॅममधला कामाचा स्वतंत्र धागा) कशासाठी अडून बसलाय? की एका ठरावीक क्षणी कशामागून काय घडलं? तिन्ही प्रश्नांची साधनं वेगळी (अनुक्रमे पर्फ, ईबीपीएफ आणि एफट्रेस), पण खर्चाचा हिशेब एकच: एका घटनेची किंमत गुणिले सेकंदाला होणाऱ्या घटना. एका नोंदीला २०० नॅनोसेकंद लागतात असं धरा. एका कोअरवर सेकंदाला १ लाख घटना असतील तर २ टक्के वेळ जातो, १० लाख असतील तर २०. म्हणून काहीही लावण्याआधी 'पर्फ स्टॅट' या कमांडनं ती घटना दहा सेकंद नुसती मोजून घ्या.

सीपीयू कुठे जातोय एवढंच हवं असेल तर पर्फचं सॅम्पलिंग, म्हणजे ठरावीक अंतरानं सीपीयू कुठे आहे याचे नमुने घेणं, पुरे. कामाचा भार कितीही वाढला तरी त्याचा खर्च ठरलेल्या मर्यादेतच राहतो. वारंवारता ९९ हर्ट्झ ठेवा, १०० नको; नाहीतर कर्नलच्या स्वतःच्या नियमित टायमरशी ताल जुळतो आणि तीच तीच जागा पुन्हा पुन्हा दिसते. १६ कोअर, ३० सेकंद म्हणजे फार तर ४७,५२० नमुने. खरा खर्च स्टॅकचा, म्हणजे कोणत्या फंक्शननं कोणाला बोलावलं त्या साखळीचा. फ्रेम पॉइंटरशिवाय (ही साखळी सहज शोधता येणाऱ्या खुणेशिवाय) बांधलेल्या प्रोग्रॅमसाठी ड्वार्फ पर्याय (डीबग माहितीवरून साखळी काढणं) घेतला की प्रत्येक नमुन्यामागे ८ केबी स्टॅक कॉपी होतो, आणि या नमुन्यांची फाइल ३९० एमबीच्या आसपास जाते. फेडोरा ३८ आणि उबुंटू २४.०४ पासून पॅकेजेस फ्रेम पॉइंटरसह बांधली जातात, त्यामुळे तिथे ही कटकट कमी.

व्हर्च्युअल मशीनवर मात्र जपून. सीपीयूतला हार्डवेअर काउंटर मिळाला नाही तर पर्फ साध्या टायमरवर येतो, आणि इंटरप्ट (सीपीयूला मधेच थांबवणारे इशारे) बंद असताना तो टायमर वाजत नाही. नमुना पडतो इंटरप्ट पुन्हा सुरू होतात तिथे. मग 'स्पिन-अनलॉक-आयआरक्यू-रिस्टोअर' (लॉक सोडून इंटरप्ट पुन्हा सुरू करणारं फंक्शन) सगळ्यात वर दिसतं आणि माणसं दोन दिवस निरपराध फंक्शनमागे लागतात.

घटनांचा क्रम हवा असेल तर एफट्रेस. २००८ साली कर्नल २.६.२७ मध्ये आलेलं हे साधन बंद असताना जवळपास फुकट असतं, कारण एक्स८६-६४ वर फंक्शनच्या सुरुवातीला ५ बाइटची निष्क्रिय सूचनाच उरते. वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही, 'कॅट' आणि 'इको' पुरतात. छोट्या एम्बेडेड बोर्डवर म्हणूनच पहिली पसंती याला. याचा वापर विमानातल्या ब्लॅक बॉक्ससारखा करावा: मोजक्या घटना चालू ठेवायच्या आणि गडबड झाली की लगेच 'ट्रेसिंग-ऑन' या फाइलमध्ये शून्य लिहायचं. बफर दर कोअरला सुमारे १.४ एमबी असतो, त्यात शेड-स्विचच्या (सीपीयू एका थ्रेडवरून दुसऱ्यावर जाण्याच्या) वीसेक हजार नोंदी मावतात. कोअरवर सेकंदाला तेवढेच स्विच होत असतील तर हातात जेमतेम एका सेकंदाचा इतिहास उरतो. बफर १६ एमबी केला तर ६४ कोअरवर १ जीबी मेमरी गेली, हेही धरा. वेगवेगळ्या कोअरवरच्या घटनांचा आपसातला क्रम महत्त्वाचा असेल तर घड्याळ 'लोकल'वरून 'ग्लोबल' करा, आणि शेवटी प्रत्येक कोअरच्या आकडेवारीत 'ओव्हररन' (बफर भरल्यानं पुसल्या गेलेल्या नोंदी) पाहा. फिल्टर न लावता फंक्शन-ग्राफ (प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीची आणि परतीची नोंद) चालू करणं म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम.

थ्रेड अडून का बसलाय, हा प्रश्न ईबीपीएफचा, म्हणजे कर्नलमध्येच छोटे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सोयीचा. ६४ कोअरवर प्रत्येकी २० हजार स्विच म्हणजे सेकंदाला १२.८ लाख नोंदी. त्या बाहेर काढून मग बेरीज करण्यापेक्षा कर्नलमध्येच हिस्टोग्राम बनवावा आणि तो तेवढा वाचावा. शेड-वेकअपला (थ्रेड जागा होतो त्या घटनेला) वेळ नोंदवायचा, शेड-स्विचला वजा करायचा. इथे हमखास होणारी चूक अशी: ज्या थ्रेडला चालू असतानाच बाजूला काढलं जातं त्याला वेकअप येतच नाही. स्विचच्या वेळी आधीचा थ्रेड अजून 'रनिंग' अवस्थेत असेल तर त्याचीही वेळ तिथेच नोंदवा, नाहीतर गर्दीच्या मशीनवर प्रतीक्षा खोटीच कमी दिसते. मोजणीचे मॅप (ईबीपीएफचे आकडे साठवायचे तक्ते) दर-सीपीयू प्रकारचे घ्या. एकच आकडा सगळे कोअर वाढवू लागले की कॅशलाइनची (सीपीयूच्या कॅशमधल्या त्याच तुकड्याची) ओढाताण सुरू होते.

ईबीपीएफ प्रोग्रॅमची जोडणी शक्यतो ट्रेसपॉइंटला (कर्नलमध्ये आधीच ठेवलेल्या नोंदीच्या जागेला) करा. तो नसेल तर कर्नल ५.५ पासूनचं एफएन्ट्री (फंक्शनच्या सुरुवातीला जोडणी), त्याला बीटीएफ (कर्नलमधल्या डेटा-प्रकारांची माहिती) लागतं. केप्रोब (कर्नलमधल्या सूचनेवर चालू असतानाच लावलेला सापळा) शेवटी: कंपायलरनं इनलाइन केलेलं, म्हणजे बोलावणाऱ्या फंक्शनमध्येच मिसळलेलं, फंक्शन त्याच्या हाती लागत नाही, आणि केरेटप्रोबची (फंक्शनच्या परतीवरच्या सापळ्याची) जागा संपली की परतीच्या नोंदी गुपचूप गळतात.

ईबीपीएफ कायमचं चालू ठेवायचं असेल तर 'बीपीएफ-स्टॅट्स-एनेबल्ड' ही सेटिंग काही मिनिटं चालू करा, 'बीपीएफटूल'मध्ये दिसणारा एकूण वेळ धावण्याच्या संख्येनं भागा आणि ती सेटिंग पुन्हा बंद करा, कारण ही मोजणीही प्रत्येक फेरीला वेळ खाते.