खेतडीच्या जुन्या तांब्याच्या खाणी : धुळ्याच्या सहलवाल्यांबरोबर

सहल कशी झाली असं शाळेतले सगळेच विचारताहेत, म्हणून सविस्तर लिहिते. पैसे वसूल झाले. त्याचं सगळ्यात मोठं कारण हे की आमच्या वाटाड्यानं एकाही जुन्या बोगद्यात आम्हाला पाऊल टाकू दिलं नाही.

मी शिरपूरला इतिहास शिकवते. ताम्रपाषाण युगाच्या, म्हणजे दगडाबरोबर तांब्याची हत्यारं वापरात आली त्या काळाच्या, धड्याला प्रकाशे, सावळदे, बहाळ ही आपल्या खान्देशातली नावं फळ्यावर लिहिते; पण तांबं दगडातून निघतं कसं, हे कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. धुळ्याच्या या सहलवाल्यांनी नेमकी तीच गोष्ट धरली. निघायच्या आधीच्या रविवारी त्यांनी सगळ्यांना प्रकाशाला नेलं. तापी-गोमाईच्या संगमावरची ती पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, जिथं बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये उत्खनन केलं, ती आधी बघितली आणि मगच भुसावळहून दिल्लीची गाडी धरली. दिल्लीपासून पुढे बस.

खेतडी राजस्थानातल्या झुंझुनू जिल्ह्यात, अरवलीच्या बोडक्या डोंगरात आहे. हिंदुस्तान कॉपरची आजची खाण चालू आहे, तिथं परवानगीशिवाय जाता येत नाही आणि ती या सहलीत नाही. तांबं वितळवण्याचा तिथला कारखाना २००८ पासून बंद आहे, तोही रस्त्यावरूनच दिसतो. आमचा वेळ गेला तो डोंगरातल्या जुन्या, आता कुणीच वापरत नसलेल्या खाणींच्या तोंडाशी आणि जवळच्या सिंघाणा गावातल्या धातुमळीच्या, म्हणजे तांबं वितळवताना उरलेल्या मळीच्या, ढिगांवर.

वाटाडे खाणीतूनच निवृत्त झालेले गृहस्थ. सगळे त्यांना बाबूजी म्हणत होतो. पहिल्याच ठिकाणी त्यांनी खडकावरचे हिरवे आणि निळे डाग दाखवले. हेच डाग बघून जुन्या लोकांनी तांब्याची शीर शोधली आणि तेवढीच शीर खणत आत गेले, म्हणून बोगदा जेमतेम माणूस शिरेल एवढा. आमच्यातल्या दोन पोरांनी मोबाईलचा टॉर्च लावलाच होता. बाबूजी सरळ तोंडाशी आडवे उभे राहिले. म्हणाले, आत वास येणार नाही, धूर दिसणार नाही, आणि तरी श्वास पुरणार नाही. तांब्याच्या खनिजात गंधक असतं. ते हवेतला ऑक्सिजन खात राहतं आणि बंद बोगद्यात नवी हवा येत नाही. शिवाय आधाराची लाकडं कुजलेली, आणि मध्येच उभा खड्डा. पोरं हिरमुसली. मला मात्र बाबूजींचं पटलं, आणि मुलांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येक आईबापाला पटावं.

बाहेर बघायला कमी आहे असं नाही. एका कपारीत ओलाव्याच्या जागी निळी पापडी धरलेली होती. आमच्यासोबत लिंबूबाग असलेले एक भाऊ होते. ते वाकून बघतात तर, "अरे, हाई ते आपला मोरचूद शे!" बागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी दरवर्षी दुकानातून आणतो तोच मोरचूद इथं भिंतीवर आपोआप आलेला! बाबूजींना कोण आनंद झाला. पूर्वी खेतडीत मोरचूद आणि तुरटी काढायचा धंदाच होता, आणि इथलंच 'सेहता' नावाचं कोबाल्टचं खनिज जयपूरच्या मीनाकारीत, म्हणजे दागिन्यांवरच्या रंगीत मुलाम्यात, निळ्या रंगासाठी जायचं, हे त्यांनी तिथंच बसून सांगितलं. माझ्यासाठी सगळ्या सहलीतला हा भाग सगळ्यात मोलाचा.

सिंघाण्याचे ढीग काळे, काचेसारखे चकाकणारे. तुकडा हातात घेतला की वजनानं हात खाली जातो. वितळून वाहताना पडलेल्या सुरकुत्या तशाच थिजलेल्या. एवढी मळी पडायला किती कोळसा लागला असेल, किती झाडं गेली असतील, हे त्या उघड्या डोंगरांकडे बघत मनात येतंच. तुकडा खिशात घालायचा नाही, हा नियम इथं कडक आहे आणि तसाच राहावा.

आता कमतरता. ढिगांवर आम्ही भर दुपारी पोचलो. सावली अजिबात नाही, आणि उन्हाची सवय असलेल्या आपल्या माणसांनाही तिथली कोरडी, धुळीची हवा सोसत नाही. पाणी कमी पडलं. बायकांसाठी स्वच्छतागृह थेट गावात, मध्ये कुठेच नाही. हेल्मेट निम्म्याच लोकांना मिळाली. आत जायचं नसलं तरी कपारीखाली दगड सुटतात, सगळ्यांना द्यायलाच हवीत. जेवण चांगलं होतं, बाजरीची रोटी आणि केर-सांगरी. सोबत नेलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी बाबूजींना फार आवडली.

सगळ्यात खटकलं ते गणेश्वर या ताम्रपाषाण काळातल्या वस्तीचं. जिथं तांब्याची बाणाग्रं शेकड्यांनी निघाली, त्या जागेला परतीच्या घाईत अर्धा तास! ताम्रपाषाण युगासाठी आलेल्या माणसांना तिथं अर्धा दिवस हवा.

खर्च माणशी १४,००० रुपये, प्रवास-जेवणासकट. जाणार असाल तर थंडीतच जा, जाड तळव्याचे बूट घाला, पाणी स्वतःचं जास्तीचं घ्या आणि वाटाडे तेच आहेत ना, हे पैसे भरण्याआधी विचारा. गणेश्वरला पुरेसा वेळ देणार असतील, तर पुढच्या खेपेला माझं आणि माझ्या बहिणीचं नाव नक्की.