नऊ महिने अंगठ्याचा रिलीज: नेम सुधारला, पण वस्तू हातात राहील तर शपथ

आधी ओठाचं सांगते, कारण लिहायला बसले ते त्याच्यामुळे. गेल्या रविवारी कंपाउंड (चाकांचं धनुष्य) ओढत होते. दोरी अर्ध्यावर आली आणि अंगठा रिलीजच्या, म्हणजे दोरी पकडून सोडणाऱ्या मुठीतल्या साधनाच्या, चापाला लागला. रिलीज सुटला, माझीच मूठ माझ्या तोंडावर बसली, बाण निशाणाच्या गादीवरून थेट मागच्या जाळीत. खालचा ओठ दोन दिवस सुजून होता. ओढताना अंगठा चापापासून लांब, तर्जनीला चिकटवून ठेवायचा, हे पहिल्या दिवशी शिकवतात. नऊ महिन्यांनंतर ते विसरले, त्यामुळे या ओठाचे गुण मी वस्तूच्या खात्यातून कापणार नाही. बाकीचे कापणार आहे.

(एकलव्याचा विनोद घरच्यांपासून सगळ्यांनी करून झालाय. कृपया पुन्हा नको.)

या रिलीजआधी चार वर्षं माझ्याकडे मनगटाला पट्टा बांधायचा, तर्जनीने चाप ओढायचा रिलीज होता. वस्तू चांगली, बिघडलं होतं माझं बोट. नेम धरायच्या साईटचा ठिपका कागदाच्या मधल्या पिवळ्यात शिरला न शिरला की ते आपसूक आवळायचं. 50 मीटरवरच्या 80 सेंटीमीटरच्या कागदावर दहाचं वर्तुळ असतं फक्त 8 सेंटीमीटरचं. कंपाउंड तिरंदाज ओजस देवतळेने 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत तिथे लागोपाठ 15 बाण बसवले, 150 पैकी 150. माझा ठिपका तिथे पोचायच्या आत बोट मोकळं झालेलं असायचं. याला टार्गेट पॅनिक म्हणतात. ते ज्याला झालंय त्याला समजावून सांगावं लागत नाही.

सर म्हणाले, "बोट ऐकत नाही ना? मग काम दुसऱ्याला दे." म्हणून हा घेतला: तीन बोटांत धरायचा, दोरीला अडकवायचा आकडा उघडा असलेला, चापाचा ताण कमीजास्त करता येणारा.

पहिले सहा आठवडे मी हवेत होते. अंगठ्याला जुनी खोड नव्हती, त्यामुळे ठिपका पिवळ्यात आला तरी तो गप्प बसायचा. आणि अँकर, म्हणजे पूर्ण ओढल्यावर हात टेकवायची जागा! पट्ट्याच्या रिलीजला माझा हात रोज जबड्यावर नवी जागा शोधायचा. इथे तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पेरांमधल्या खाचेत जबड्याचं हाड बसतं. बसलं की बसलं, डोळे मिटूनही कळतं. या एका गोष्टीसाठी मी हा रिलीज पुन्हा घेईन.

फुकट मात्र काही मिळालं नाही. अँकर बदलला तसा पीप (दोरीतलं, नेम बघायचं भोक) डोळ्यासमोर येईना, मान वाकवून शोधावा लागे. शेवटी पीप काही मिलिमीटर सरकवला आणि साईटच्या सगळ्या खुणा नव्याने लावल्या. तीन रविवार त्यात गेले. शिवाय वजन. माझं धनुष्य 50 पौंडांचं, लेट-ऑफ (शेवटी कमी होणारा भार) 80 टक्के, म्हणजे पूर्ण ओढल्यावर 10 पौंड धरून ठेवायचे. आधी ते मनगट पेलायचं, आता तीन बोटं. पहिल्या आठवड्यात अनामिकेला फोड आला.

इथपर्यंतचा मजकूर मी दुसऱ्या महिन्यात लिहून ठेवला होता, खाली "डोळे मिटून घ्या" असं वाक्य टाकून. ते वाक्य आता खोडते.

तिसऱ्या महिन्यात अंगठाही शिकला. तीच घाई, तोच झटका, फक्त बोट वेगळं. मला वाटलं चाप जड आहे, म्हणून ताण अगदी हलका केला. मग तर नुसतं टेकलं तरी सुटायला लागला आणि मी अंगठा चापाच्या वर घाबरत तरंगत ठेवू लागले. सरांनी पाहिलं आणि स्क्रू उलटा फिरवून ताण आधी होता त्याहून जास्त केला. मला वेड्यात काढल्यासारखं वाटलं. पण कारण सरळ आहे. चाप जड असला की अंगठा त्यावर निर्धास्त टेकवता येतो, टोकाने नाही तर आतल्या सांध्यापर्यंत गुंडाळून. मग दाबायचं काहीच नसतं. पाठीने ओढत राहायचं, खांद्याची पाती जवळ येतात, मुठीवरचा ताण वाढतो आणि कधीतरी सुटतं. हे "कधीतरी" अंगात मुरायला मी महिनाभर कागद न लावलेल्या गादीसमोर, चार पावलांवर, डोळे मिटून बाण सोडले. कंटाळवाणं काम. ग्रुप (कागदावर बाणांचा झुबका) त्याने आवळला, रिलीजने नाही. तेच मी जुन्या रिलीजवर केलं असतं तर? हा प्रश्न पैसे खर्च झाल्यावर विचारू नये.

आता मुख्य तक्रार. ही वस्तू अंगाला बांधलेली नसते.

ऐकायला किरकोळ वाटतं, मलाही वाटलं होतं. पट्ट्याचा रिलीज सकाळी मनगटावर चढवला की घरी येईपर्यंत विसरून जायचा. हा मात्र प्रत्येक बाणानंतर हातात उरतो. बाण काढायला दोन्ही हात लागतात, मग हा कुठे ठेवायचा? खिशात ठेवला की आकड्यात धाग्यांचा कचरा अडकतो. भात्यात टाकला की तळाशी जातो. गादीवर ठेवला की तिथेच राहतो आणि आपण 50 मीटर मागे येऊन हात चोळत उभे. एकदा गवतात पडला. काळा, बोटाएवढा, दव पडलेलं गवत. चाळीस मिनिटं रांगत होते, सोबतचे दोघेही. मिळाला तेव्हा आकड्यात वाळू, आणि ती पूर्ण निघाली असं मला आजही वाटत नाही. त्या दिवसापासून त्याला लाल लोकर बांधली आहे. दिसायला तो राखीसारखा दिसतो, दिसू दे.

बनवणाऱ्याने पाठीला एक भोक ठेवलंय, त्यात दोरी ओवता येते. पण दोरी खोक्यात नाही! ती वेगळी विकत मिळते. एवढ्या महाग वस्तूबरोबर वीतभर दोरी द्यायला जीव जातो यांचा. मी घेतली नाही. बुटाची नाडी ओवली, ती धनुष्याच्या दोरीला घासून लटकायला लागली, काढून टाकली.

सातव्या महिन्यात ताणाचा बारीक स्क्रू आपोआप ढिला होऊ लागला. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, "ग्राहकाने सेटिंग बदललं असल्यास हमी लागू नाही." सेटिंग बदलता येतं म्हणूनच तर विकत घेतला ना, बाबांनो! पाच वेळा लिहिलं, पाचही वेळा तेच उत्तर. शेवटी स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) थेंब लावला, तेव्हापासून हललेला नाही. तरी दर रविवारी पहिल्या बाणाआधी ॲलन की लावून बघते.

माझ्या ओळखीचा एक जण परवाना काढून हंगामात धनुष्याने शिकार करतो. त्याचं मत माझ्यापेक्षा वेगळं. तो बंद जबड्याचा अंगठ्याचा रिलीज वापरतो आणि वाट पाहताना तो डी-लूपवरच (दोरीवरच्या, रिलीज अडकवायच्या छोट्या फासावरच) लटकवून ठेवतो. जनावर आलं की हात थेट तिथे जातो, खाली बघावं लागत नाही. मनगटाच्या पट्ट्याचं बक्कल झाडावरच्या मचाणाला लागून वाजतं, ही त्याची जुनी डोकेदुखी होती. पण मचाणावरून एकदा याचाही रिलीज खाली पडला, तेव्हापासून तो तसाच दुसरा, त्याच ताणावर लावलेला, खिशात बाळगतो. म्हणजे विसरण्यावर उपाय झाला, पडण्यावर नाही.

घेताना हे मला कोणी सांगितलं असतं तर मीही बंद जबड्याचाच घेतला असता. माझा उघडा आकडा लूपवर टिकत नाही, धनुष्य कललं की निसटतो. ज्यांना निवड करायची आहे त्यांनी ताण, रंग, बोटं किती हे नंतर बघावं, आधी हे बघावं.

जुना रिलीज विकून थोडे पैसे सोडवायचा बेत होता. मागच्या महिन्यात त्याचा पट्टा कापला, नव्याच्या भोकातून ओवून मनगटाला बांधला. लांबी जमली, दोरीला घासत नाही, बाण काढताना हाताखाली लोंबतो. बिनपट्ट्याचा जुना आता कोणी घेणार नाही.